उत्तर: फुकटच्या टूलनं चित्र चांगलं येतं का?

भाऊ, फुकटच्या एआयची चित्रं प्लास्टिकसारखी येतात असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच खरं. मागल्या पोळ्याला मंडळाच्या बॅनरसाठी मी एआयला नुसतं 'इंडियन बुल' लिहून दिलं, तर वशिंडच नसलेला विलायती सांड आला! लोकं हसली असती. मग 'झेबू', म्हणजे वशिंडवाला बैल, हा शब्द टाकला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, मागे कपाशीचं वावर, सकाळचं तिरपं ऊन, असं एकेक सांगत गेलो, तेव्हा कुठे बैल आपल्याकडचा वाटला.

दुसरं म्हणजे साइज. स्टेबल डिफ्यूजन १.५ हे चित्रं काढणारं फुकटचं एआय मॉडेल ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे चित्रातले बारीक ठिपके) चित्रांवर शिकलेलं. एकदम मोठं मागाल तर एका धडाला दोन तोंडं फुटतात. ५१२ वरच काढा, मग चित्र मोठं करणाऱ्या अपस्केल (Upscayl) नावाच्या फुकट प्रोग्रामनं चौपट करा. त्याचंच मोठं भावंड एसडीएक्सएल १०२४ वर चालतं, पण त्याला कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं.

अन् मराठी अक्षरं त्याच्याकडून काढून घेऊ नका, 'शुभेच्छा'चं पार भजं होते. ती इंकस्केप नावाच्या चित्रं-अक्षरं जुळवायच्या फुकट प्रोग्राममध्ये वरून टाका. रात्री ओलिताची लाइन येईपर्यंत माझं हेच चालू असते.