महाडीबीटीचा फॉर्म आणि उत्पन्नाचा दाखला : सोसायटीच्या ग्रुपवर

बी-३०४ : मुलीला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनीअरिंगला सीट मिळाली 🙏 कॉलेजवाले म्हणतात, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म भरून प्रिंट आणून द्या, नाहीतर पूर्ण फी भरा. उत्पन्नासाठी यांचा पगाराचा फॉर्म १६ चालेल ना?

ए-१०२ : नाही हो वहिनी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाच लागतो. फॉर्म १६ तो काढायला लागतो.

सी-५०१ : अभिनंदन! कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केलीय म्हणून सांगतो. फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो, अडतं ते दाखल्यावर. नियमाने १५ दिवसांत मिळायला हवा, पण ॲडमिशनच्या दिवसांत सगळी बोरिवली एकदमच अर्ज करते. आपले सरकार पोर्टलवर आजच अर्ज टाका. रेशन कार्ड, आधार, फॉर्म १६, स्वयंघोषणापत्र. आणि उत्पन्न दोघांचं मिळून धरतात. तुमच्या शिकवण्यांचे पैसेसुद्धा!

बी-३०४ : अय्या, तेही? 😅 तरी आठ लाखांच्या आतच आहोत.

सी-५०१ : मग झालं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मंच होतं. पण डेव्हलपमेंट फी भरावीच लागेल, त्यावरून काउंटरवर भांडू नका.

डी-२०१ : काका, आमच्या भाच्याने मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंय. त्याला?

सी-५०१ : नाही मिळणार. कॅपमधूनच प्रवेश हवा. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही.

सेक्रेटरी : टँकर आलाय. गेटसमोरची ग्रे ॲक्टिव्हा कोणाची? लगेच काढा.

ए-१०२ : वहिनी, बँकेचंही बघा. आमच्या मुलाचा फॉर्म मंजूर झाला आणि शिष्यवृत्तीचे पैसे गेले त्याच्या जुन्या खात्यात. अकरावीत कुठल्याशा ऑफरसाठी उघडलेलं, पासबुकही सापडेना.

सी-५०१ : कारण पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी सीडिंग झालेल्या, म्हणजे जोडलेल्या खात्यात जातात. एका आधारला एका वेळी एकच खातं. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, आत्ता दोन मिनिटं लागतील.

बी-३०४ : बघितलं. सहकारी बँकेचं दाखवतंय, ते चालू आहे. आधारवर नाव 'अश्विनी' आणि दहावीच्या मार्कशीटवर 'आश्विनी' आहे, चालेल?

सी-५०१ : नाही चालणार. आधार दुरुस्त करून घ्या, मार्कशीट बदलायला बोर्डात जावं लागतं. आणि फॉर्म सबमिट झाला म्हणजे सुटलो असं समजू नका. कॉलेजचा क्लार्क एखादा कागद धूसर दिसला तरी परत पाठवतो. दर आठवड्याला लॉगिन करून बघा. मेसेज येईलच असं नाही. परत आलेला फॉर्म मुदतीत पुन्हा सबमिट केला नाही तर संपलंच.

डी-२०१ : आणि पुढच्या वर्षी?

सी-५०१ : रिन्यूअल, दर वर्षी. हे पोरांना कोणी सांगत नाही, दुसऱ्या वर्षी निम्मी पोरं विसरतात.

बी-३०४ : काका, दाखल्याचा अर्ज रात्रीच टाकते. पण कागदांची पीडीएफ पोर्टलच्या साइजमध्ये बसत नाही.

ए-१०२ : फोनवर फोटो काढू नका वहिनी, आमच्याकडे स्कॅनर आहे. जेवून वर या, मूळ कागद घेऊन. मुलीलाही आणा, ओटीपी तिच्या मोबाइलवर येतो.