खिम्याचे छोटे बर्गर: टिक्की आक्रसून गोळा होते, कबाबासारखी लागते

जुळे सोलापूरची आई

नमस्कार मंडळी. लेकीचा दहावा वाढदिवस येत्या रविवारी आहे, त्यासाठी विचारतेय.

माझी बहीण ह्यूस्टनला असते. तिच्या पोरांनी व्हिडिओ कॉलवर दोन घासांत संपणारे बीफचे बर्गर करून दाखवले. तिकडे त्यांना स्लायडर म्हणतात. तेव्हापासून आमचीनं धरलंय, वाढदिवसाला हेच पाहिजेत. बीफचा प्रश्नच नाही. येणारी पोरं सगळ्या घरांतली आहेत, म्हणून बोकडाचं मटण ठरवलं. ते सगळ्यांना चालतं. दोघी मैत्रिणी लिंगायत, घरी मटण शिजत नाही. त्यांच्यासाठी बटाटा-पनीरच्या टिक्क्या, तव्यापासून उलथन्यापर्यंत सगळं वेगळं.

काल अर्धा किलोवर करून बघितलं. दुकानातून मशीनचा बारीक खिमा आणला. त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, मीठ, गरम मसाला, एक अंडं, भिजवून पिळलेला पाव घातला आणि शामी कबाबाला मळते तसं दहा मिनिटं मळलं. टिक्क्या पावाएवढ्या थापल्या. तव्यावर टाकल्या तर कडेनं आक्रसल्या आणि मधे फुगल्या. पावात ठेवल्यावर चारी बाजूंनी पावच दिसायचा. चावायला रबरासारख्या. सासूबाई म्हणाल्या, "कबाब चांगला झालाय." पण लेकीचा चेहरा उतरला. तिला कबाब नको होता.

24 नग करायचेत. कुठं चुकतंय ते सांगा. ओव्हन नाही, बिडाचा तवा आणि जाड बुडाची कढई आहे.

वेशीतला

ताई, विजापूर वेशीतून लिहितोय. आमचं घराणं खाटकाचं, वडिलांच्या हाताखाली शिकलो.

आधी एक सांगतो, कारण कुणीतरी विचारणारच. गाय कापायला महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यापासून बंदी आहे, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्या बंदीत नाही, तपासणी होऊन दाखला मिळाला की कापता येते. म्हणून आपल्याकडे मोठ्याचं म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. घरच्यांसाठी कधी करायचे असतील तर त्याचेही बर्गर छान होतात. मांस गडद, चरबी पांढरी. पण दुसऱ्यांची पोरं जेवायला येणार आहेत, तुम्ही बोकडावर आलात ते बरोबर केलंत.

आता खिमा. तुम्ही बहुतेक मांडीचा घेतलाय, त्यात चरबीच नसते. बर्गरला पाचातला एक भाग चरबी पाहिजे. एक किलो करायलाय तर 800 ग्रॅम खांदा आणि मान, 200 ग्रॅम चरबी. चरबी छातीवरची मागा. गुर्द्याभोवतीची देतील, ती घेऊ नका. ती कडक असते, थोडं गार झालं की टाळूला चिकटते. आणि मशीनमधून एकदाच, मोठ्या जाळीतून काढायला सांगा. दुकानदार सवयीनं दोनदा काढतो, समोर उभं राहून सांगावं लागतं. ओळखीचा असेल तर सत्तूरनं हातानं तोडून मागा, त्याची चवच वेगळी.

सकाळी लवकर जा. या दिवसांत अकरानंतर खिमा घरी नेईपर्यंत चरबी सुटायला लागते.

बिडाचा तवा

मी मूळचा सात रस्त्याचा, आता पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, पंधरा वर्षं झाली. ताई, तुमच्या सासूबाईंनी नेमकं सांगितलं. तुम्ही कबाबच केलात, आणि चांगला केलात.

कबाबात मांस एकमेकांना धरून राहायला पाहिजे, म्हणून आपण मळतो. मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात, चिकट होतात, आणि तव्यावर सगळं मिळून आवळतं. म्हणून आक्रसलं, म्हणून रबर झालं. बर्गर उलटा असतो. त्यात मांस सुटं राहिलं पाहिजे, दाताखाली भुगा व्हायला पाहिजे. अंडं नको, पाव नको, आलं-लसूण नको. मीठसुद्धा आत नको. टिक्की तव्यावर जायच्या क्षणी वरून मीठ आणि मिरपूड, बास. हे ऐकून आपल्या हाताला चैन पडत नाही, मला माहितीये. मलाही पहिल्या वर्षी मुख्य आचाऱ्यानं तीनदा हात धरून थांबवलं होतं.

24 नगांसाठी एकेक टिक्की वळत बसू नका. अमेरिकेत 1921 साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल नावाचं दुकान निघालं, हे छोटे चौकोनी बर्गर त्यांनीच गाजवले. पुढं त्यांची पद्धत अशी झाली: तव्यावर कांदा, कांद्यावर पातळ टिक्की, टिक्कीला पाच भोकं, वर पाव. कांद्याची वाफ भोकांतून वर येते, मांस शिजतं, पाव मऊ होतो. उलटावं लागतच नाही. लहान पोरांच्या गर्दीला याच्यासारखी सोय नाही.

घरी असं करा. लादीच्या मापाचा प्लास्टिकचा कागद घ्या. सहा पावांच्या लादीला 240 ग्रॅम खिमा त्यावर बोटांनी पसरा, मळू नका, दाबून सपाट करा. लादीपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठं ठेवा, कारण थोडं आक्रसणारच. सुरीनं सहा चौकोन पाडा, काडीनं भोकं पाडा, कागदासकट वीस मिनिटं फ्रीजरमध्ये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही पायरी सोडू नका. हाताच्या उबेनं चरबी वितळली तर सगळी मेहनत वाया.

तवा तापवा, थोडं तेल, दोन मोठे कांदे अगदी बारीक उभे चिरून पसरा, अर्धी वाटी पाणी. कांदा लवला की त्यावर चौकोन, मीठ-मिरपूड, वर चीजचा तुकडा, त्यावर पाव, झाकण. पाचेक मिनिटं लागतील. पोरांसाठी आत गुलाबी अजिबात ठेवू नका. अख्ख्या तुकड्याचे जंतू वरवर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर मधे 71 अंश दिसायला पाहिजेत. नसेल तर एक मोडून बघा.

लादीवाली

पावाबद्दल एवढंच: आदल्या दिवशीची लादी घ्या. ताजी कापताना चुरते आणि वाफेनं लगदा होते. पाव सुटे करू नका. अख्खी लादी लांब सुरीनं आडवी कापायची, खालचा भाग लोण्यावर भाजून ताटात ठेवायचा. आणि मेयोनेजच्या बाटलीवर पैसे घालवू नका. टांगलेल्या दह्याच्या चक्क्यात आपली शेंगाचटणी कालवा. मी मुलाच्या वाढदिवसाला केली होती, पोरं वाटी पुसून गेली. फक्त कुणाला शेंगदाणा चालत नाही का, आया-बापांना आधी विचारून घ्या.

जुळे सोलापूरची आई

काल झालं सगळं. उशिरा लिहितेय, माफ करा.

वेशीतले दादा, तुम्ही सांगितलंत तसं सकाळी साडेसातला जाऊन समोर उभी राहिले. दुकानदार म्हणाला, एवढी चरबी कुणी मागत नाही. तरी दिली, छातीवरची. पहिली लादी माझ्या घाईनं बिघडली: कांद्यात पाणी जास्त झालं, खालचे चौकोन उकडल्यासारखे फिके निघाले. दुसऱ्या वेळी पाणी निम्मं केलं, कांद्याला तांबूस रंग येईपर्यंत थांबले, मगच खिमा ठेवला. मग जो वास सुटला, पोरं खेळ सोडून स्वयंपाकघराच्या दारात आली. टिक्की पावाच्या कडेपर्यंत बरोबर बसली. भुगा होते म्हणजे काय ते पहिल्या घासाला कळलं.

शेंगाचटणीचा चक्का लिंगायत मैत्रिणींनी बटाट्याच्या टिक्कीबरोबर खाल्ला आणि परत मागितला. एका मुलाला शेंगदाण्याचा त्रास आहे, त्याच्या आईनं विचारल्यावर सांगितलं, म्हणून त्याला नुसता चक्का दिला. लादीवाली ताई, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी विचारलं नसतं.

24 पैकी दोन उरले. एक लेकीनं बाबांसाठी झाकून ठेवला, ते रात्रपाळीवरून उशिरा येतात. गार झाल्यावर टाळूला चिकटेल म्हणून तव्यावर परत गरम करून दिला. दुसरा सासूबाईंनी खाल्ला. म्हणाल्या, पुढच्या वेळी यात थोडं आलं घाल. बिडाचा तवा दादा, एक विचारायचंय: आलं आत न घालता कांद्यात घातलं तर चालेल का?

बिडाचा तवा

चालेल. बारीक किसून, कांदा लवल्यावर. आत नको.