मुक्ताचं चालणं आणि काकांचे पन्नास रुपये

अनघा (बी-403): मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमची मुक्ता चालणार आहे. इंग्लंडच्या सफोकमधल्या तिच्या गावच्या जुन्या चर्चसाठी. तिकडे 'राइड अँड स्ट्राइड' म्हणतात. सायकलने नाहीतर पायी या चर्चमधून त्या चर्चमध्ये जायचं, प्रत्येक ठिकाणी कागदावर सही घ्यायची. ओळखीचे लोक दर चर्चमागे अमुक रक्कम कबूल करतात. कोणी देणार का?

देशपांडे काका (बी-201): द्यायचेच तर तसेच द्यावेत. पोरीला उन्हात कशाला चालवायचं?

अनघा: काका, ऊन? सफोक आहे ते 😄

शिल्पा (बी-602): आणि तुम्ही सोमवारी रात्री ठाण्याहून सिद्धिविनायकाला चालत गेला होतात, ते?

देशपांडे काका: तो नवस होता.

काका (पुन्हा): पण राजाच त्यांच्या चर्चचा प्रमुख ना? मग त्याने करावी दुरुस्ती.

अनघा: मीही हेच विचारलं. डागडुजी गावानेच करायची असते म्हणे. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे 16,000 चर्च, त्यांतली 12,000 हून जास्त वारसा यादीत. एकट्या सफोकमध्ये मध्ययुगीन चर्च 500 च्या आसपास! त्यात छपरावरचं शिसं चोर उचकटून नेतात. मग पाऊस थेट आत.

रोझी आंटी (ए-104): शिसं चोरतात! आमच्या तलावपाळीच्या सेंट जॉन बॅप्टिस्टचं कौतुक वाटतं मग. पोर्तुगीजांच्या काळापासून उभं आहे. 24 जूनला आमचा सण, भर पावसात. मुक्ताला माझे दर चर्चला 20 रुपये.

धनंजय (सीए, बी-505): अनघाताई, तिकडे गिफ्ट एड असतं. तिथला करदाता 1 पाउंड देतो, सरकार वर 25 पेन्स घालतं. आपण मुक्ताच्या खात्यात टाकू, ती स्वतःच्या नावाने भरेल. सगळ्यावर 25 टक्के!

अनघा: विचारलं तिला. नाही म्हणाली. ज्याचे पैसे त्याचाच कर, दुसऱ्यांच्या पैशावर तो फॉर्म भरायचा नाही. आपले पैसे साधे जातील.

धनंजय: बरोबर आहे तिचं. सुचवलं आपलं. आपली 80जीची करसवलत पण मिळणार नाही हो, आधीच सांगतो.

नीलेश (खजिनदार): सगळे पैसे त्याच चर्चला?

अनघा: अर्धे तिच्या चर्चला, अर्धे कौंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, ट्रस्टला. तो इतर चर्चच्या दुरुस्तीला देतो.

नीलेश: हे बरं आहे. गणपतीच्या वर्गणीला असं काही करायचं का? मासुंदा तलावाच्या प्रत्येक फेरीमागे अमुक. दारोदार फिरणं वाचेल.

शिल्पा: वर्गणी बुडवणारे फेऱ्या पण बुडवतील.

देशपांडे काका: माझे दर चर्चला 50. किती होतात साधारण?

अनघा: गेल्या वर्षी 11 झाली होती.

देशपांडे काका: एका दिवसात? मग 30 लिहा.

रोझी आंटी: काका!!

देशपांडे काका: बरं, 50. पण सह्यांच्या कागदाचा फोटो इथे टाकायचा. मुक्तावर विश्वास आहे, तरी टाकायचा.