अरुंधती घराबाहेर पडली, पण लेखकांनी तिला जाऊ दिलं का?

सायली_नाशिक
'आई कुठे काय करते' ही मालिका संपली 2024 मध्ये, पण तिच्या नायिकेवरून, अरुंधतीवरून आमच्याकडे अजून वाद होतात, म्हणून हा धागा.

डिसेंबर 2019 ला स्टार प्रवाहवर ही मालिका सुरू झाली तेव्हा मला ती मनापासून आवडली होती. नवरा आणि मुलं आईला गृहीत धरतात, सासू मुलाचीच बाजू घेते, आणि ही बाई सगळ्यांच्या वेळा सांभाळत दिवसभर उभी असते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तिला नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाशी असलेलं नातं कळतं. मधुराणी प्रभुलकरांनी ते सगळं इतकं आतून केलं होतं की संवाद नसलेले प्रसंगही लक्षात राहिले.

माझी तक्रार नंतरच्या लिखाणाबद्दल आहे. घटस्फोट झाला, अरुंधती गाण्याकडे वळली, आशुतोषशी लग्न झालं. तरीही 'समृद्धी'तलं, म्हणजे सासरच्या घरातलं, कोणतंही भांडण तिच्याशिवाय मिटत नव्हतं. आणि अनिरुद्ध? एका आठवड्यात पश्चात्तापाने रडायचा, ट्रॅक बदलला की पुन्हा तसाच तिरसट. जणू मधलं काही घडलंच नाही. आपल्या मालिकांतल्या पात्रांना आठवणच नसते. जे पात्र काल काय झालं ते विसरतं, त्याच्यासाठी मी आज का रडू?

विदर्भकन्या
अजिबात पटलं नाही. अरुंधतीला तीन मुलं आहेत. मुलाचं लग्न, नातवंडाचं बारसं, सासऱ्यांचं दुखणंखुपणं, यातून बाई कोर्टाच्या कागदाने सुटते का? माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट झाला, तरी सासरच्या प्रत्येक कार्याला तिला बोलावणं असतं आणि ती जाते. तिला कोणी कमकुवत म्हटलेलं मला चालणार नाही.

उलट 'माझ्या नवऱ्याची बायको' आठवा. नागपूरची राधिका, तिची वऱ्हाडी बोली, अनिता दातेचं काम, सगळं सुरेख. पण मसाले विकता विकता ती 300 कोटींच्या कंपनीची मालकीण झाली! आमच्याकडे बचत गटाच्या बायका मसाले करतात. मिरची कुठून घ्यायची, डंकावाल्याला पैसे कधी द्यायचे, दुकानदाराने उधारी थकवली तर काय करायचं, यातलं किती दाखवलं त्या मालिकेत? त्या मानाने अरुंधती मला कितीतरी खरी वाटली.

पडद्यामागे
मी काही काळ एका मालिकेच्या संवादलेखकाकडे सहायक होतो. मालिकेचं नाव सांगत नाही. पण सगळं खापर लेखकावर फोडणं योग्य नाही.

कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. त्यावर वाहिनीच्या लोकांचं मत. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की ट्रॅक वाढवायचा की गुंडाळायचा ते ठरतं.

एक उदाहरण देतो. घरातले मोठे काका सुनेची बाजू घेऊन बोलतात असा सीन लिहून तयार होता. आदल्या रात्री कळलं, काकांची तारीख नाही. सेट लागलेला, बाकीचे कलाकार आलेले. सकाळी मेकअप चालू असताना काकांची वाक्यं सासूला दिली. महिनाभर सुनेला छळणारी बाई त्या भागात एकाएकी समजूतदार झाली आणि दोन भागांनी पुन्हा पहिल्यासारखी. प्रेक्षक म्हणाले, लेखकाला अक्कल नाही. त्या सकाळी वेळेत भाग पूर्ण करून देणं हेच आमच्यासाठी मोठं काम होतं.

सायली_नाशिक
तुमची अडचण समजली, पण मग एवढं लांबवायचं कशासाठी? ज्या बंगाली मालिकेवरून अरुंधती आली ती 'श्रीमोयी' 2021 मध्येच संपली. आपली पुढे जवळपास तीन वर्षं चालू होती. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा. राधा आणि घनाचं भांडण कुठून सुरू झालं आणि कुठे येऊन थांबलं, ते अजून सलग सांगता येतं.

आणि लांबी हेच एकमेव कारण आहे असंही मी म्हणत नाही. 'आभाळमाया' 1999 ते 2003 चालली. सुधा जोशीच्या वाट्यालाही नवऱ्याचं दुसरं नातं आलं होतं. पण सुकन्या कुलकर्णींची सुधा पुढे कधीही बोलली तरी ते दुखणं तिच्या बोलण्यात असायचं.

मीरा_डोंबिवली
मला राग आहे तो आशुतोषला मारल्याचा. मुलं मोठी झालेल्या बाईने दुसरं लग्न केलं, हे रोज संध्याकाळी साडेसातला घराघरांत दिसलं, केवढी मोठी गोष्ट होती ती! माझ्या सासूबाईंनी त्या लग्नापासून मालिका बघणं सोडलं, म्हणजे ते किती आतवर गेलं बघा. मी मात्र हट्टाने बघत राहिले. आणि मग त्यालाच संपवलं. बाईला सुख दिलं की गोष्ट संपते असं लेखकांना का वाटतं? नव्या संसारातही कुरबुरी असतात, पैशांचे प्रश्न असतात, मुलांचं रुसणं असतं. त्यावर वर्षभर लिहिता आलं असतं.

विदर्भकन्या
मीराताई, आशुतोषबद्दल पूर्ण सहमत. पण सायलीताईंचा अनिरुद्धबद्दलचा मुद्दा अजूनही मान्य नाही. असे पुरुष रडतात, माफी मागतात आणि पुन्हा तेच करतात. हा लिखाणाचा दोष कसा? हाच तर त्याचा स्वभाव आहे.

पडद्यामागे
यात एक भर घालतो. सेटवर कंटिन्युइटी सांभाळणारा सहायक असतो. कोणती साडी, कोणतं मंगळसूत्र, कप कोणत्या हातात होता, सगळ्याचे फोटो काढून ठेवतो. पात्र मागच्या महिन्यात कुणाला काय बोललं होतं, याची नोंद ठेवायला माणूस नेमलेला मी तरी पाहिला नाही. त्यामुळे अनिरुद्धचं ते वागणं ठरवून लिहिलेलं की नुसतं निसटलेलं, हे बाहेरून ओळखता येणार नाही.

सायली_नाशिक
ओळखता येतं, समोरच्या पात्राकडे बघून. त्याने दहा वेळा माफी मागावी, तो त्याचा स्वभाव, मान्य. पण अकराव्या वेळी अरुंधतीने म्हणायला हवं ना, 'हे तू मागेही म्हणाला होतास.' सासूने, कांचनआईंनी म्हणायला हवं, मुलांनी म्हणायला हवं. तेवढं एक वाक्य असतं तर मीही त्याला स्वभाव म्हटलं असतं. ते जेव्हा जेव्हा हवं होतं, तेव्हा ती नव्याने दचकून त्याच्याकडे बघत राहिली.