सांध्यातला स्टेम 'घट्ट' बसतो की 'स्थिर'?

पाटीपेन्सिल: खुब्याच्या सांधेबदलावर लेख लिहितेय. सिमेंट न वापरता करतात त्या प्रकारात मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा स्टेम (दांडा) हातोडीने ठोकून बसवतात. ठोक्यांचा आवाज टिपून स्टेम नीट बसला का, हे मशीन लर्निंगने ओळखायचं संशोधन चालू आहे. त्यातल्या 'स्टॅबिलिटी'ला घट्टपणा म्हणू का?

हाडवैद्य: नको. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही "घट्ट बसला" म्हणतो खरं, पण घट्टपणाच्या नादात दोन ठोके जास्त पडले तर हाड तडकतं. स्थैर्य म्हणजे भार पडल्यावर स्टेम हाडात हलत नाही. साधारण १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटरच्या) वर हलत राहिला, तर हाड त्याला धरत नाही, मध्ये तंतुमय पडदा तयार होतो. ठोकून मिळतं ते प्राथमिक स्थैर्य. पुढे काही महिन्यांत हाड धातूला धरतं, ते दुय्यम. आवाजावरून अंदाज येतो तो फक्त पहिल्याचा.

चिकूभाऊ: 'दुय्यम' वाचून लोकांना ते कमी महत्त्वाचं वाटेल. (मला तर दुय्यम निबंधक आठवला!) 'नंतरचं स्थैर्य' लिहा, सरळ.

पाटीपेन्सिल: घेतलं. आणि "स्टेम बसत जातो तसा आवाज चढतो" चालेल?

खर्ज: आवाज चढला म्हणजे मराठीत कोणीतरी भांडतंय. मोठेपणा वेगळा, पट्टी वेगळी. हातोडी जोरात पडली तर आवाज मोठा येणारच, त्यावरून पकड कशी कळणार? म्हणून प्रत्येक ठोका सुटा करून त्यात कोणत्या वारंवारता किती आहेत ते मशीन लर्निंगच्या मॉडेलला देतात.

हाडवैद्य: बरोबर. आणि पट्टी दरवेळी चढतेच असंही नाही. ठोक्यागणिक ती सरकत जाते आणि स्टेम बसला की सरकायची थांबते. आमचे कान तेच ऐकत असतात. "स्वर ठरतो" म्हणा.

चिकूभाऊ: मडकं वाजवून घेतो तसंच की! फुटकं असेल तर बद्द वाजतं. 'बद्द' वापरा ना कुठेतरी.

हाडवैद्य: शब्द झकास आहे, पण हाडाला तडा गेला की आवाज बद्द होतोच, असं लिहू नका. मॉडेल शिकवताना खरी अडचण उत्तरांची असते. कोणता ठोका 'स्थिर' हे आधी माणसालाच ठरवावं लागतं: सर्जनच्या मतावरून, किंवा नंतरच्या एक्स-रेत स्टेम खाली रुतलेला दिसतो का त्यावरून. शिवाय टिपलेल्या आवाजात सक्शनची, म्हणजे रक्त ओढून घेणाऱ्या यंत्राची, घरघर असतेच.

पाटीपेन्सिल: 'रुतणे' छान! मी 'अधोगमन' लिहिलं होतं, खोडते.