अलिबाग, मे महिना : समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायची वेळ कशी काढायची?

मुंबईहून दोन दिवस. बरोबर ५ आणि ९ वर्षांची मुलं, आणि सासूबाई (गुडघेदुखी). गेटवेहून जावं की गाडी न्यावी? ओहोटीची वेळ आधी कशी कळेल?

प्रतिसाद १
तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी : ४ × पाऊण = ३, म्हणजे तीनला भरती आणि सुमारे सहा तास आधी, नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर द्वितीया ते चतुर्थी निवडा, सकाळीच उरकतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, शिवाय भांगाची (कमी चढ-उताराची), त्यामुळे पाणी पुरतं हटत नाही. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढायच्या आत परता. किल्ल्यात गप्पा रंगल्या की परतताना गुडघाभर पाणी लागतं. त्या वेळी मुलांना घेऊन उतरू नका, होडी करा.

प्रतिसाद २
साध्या चपला चिखलात रुततात, पट्ट्याचे सँडल घाला. अनवाणी तर नकोच, खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. सासूबाईंसाठी ओहोटीत घोडागाडी मिळते. भाडं जाऊन-येऊन ठरवा.

प्रतिसाद ३
गेटवे-मांडवा बोटीच्या तिकिटात बहुतेकदा अलिबागची बस धरलेली असते, पण चढउतार आहे. गुडघ्यांचा विचार करता भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणारी बोट) बरी. तासाभरात गाडीसकट मांडवा. शनिवार-रविवारचं गाडीचं बुकिंग मात्र आधीच करा.

प्रतिसाद १
राहिलंच : डुंबायचं ते भरती चढत असताना. उतरतं पाणी आत ओढतं.