'कथीड्रल' म्हणजे मोठे चर्च का?

प्रश्न : फ्रान्समधील बोव्हे येथील सेंट पीटरच्या गॉथिक वास्तूला मराठी लेखांत कधी 'भव्य चर्च', तर कधी 'कथीड्रल' म्हटलेले आढळते. हे शब्द समानार्थी मानावेत का? 'महामंदिर' हा प्रतिशब्द चालेल का?

उत्तर : समानार्थी मानू नयेत. ग्रीक 'कथेद्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुख धर्मगुरूचे, आसन असते ते कथीड्रल, मग ते लहान का असेना. 'महामंदिर' हा शब्द केवळ आकार सुचवतो, म्हणून तो मला दिशाभूल करणारा वाटतो.

बोव्हेचाच इतिहास पाहावा. 1225 मध्ये काम सुरू झाले आणि 1272 पर्यंत वेदीकडील भागावर सुमारे 48 मीटर उंचीचे दगडी छत चढले; फ्रान्समधीलच आमियां शहराच्या कथीड्रललाही एवढी उंची गाठता आली नव्हती. 1284 मध्ये त्या छताचा काही भाग कोसळला, तेव्हा दुरुस्ती करताना मूळच्या खांबांमध्ये जादा खांब उभारावे लागले. दोन्ही बाजूंचे आडवे भाग सोळाव्या शतकात बांधले गेले. त्यानंतर पश्चिमेचे मुख्य दालन बांधण्याऐवजी मध्यावर 153 मीटर उंचीचा मनोरा उभारण्यात आला. तो 1569 मध्ये पूर्ण झाला आणि त्या बाजूने आधारच नसल्यामुळे 30 एप्रिल 1573 रोजी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, कोसळला. मुख्य दालन कधीच बांधले गेले नाही; त्या जागी दहाव्या शतकातील जुन्या, बुटक्या चर्चचा उरलेला भाग आजही उभा आहे. तरीही ही अपुरी वास्तू कथीड्रलच आहे, कारण बिशपचे आसन तिथे आहे.

पुरवणी प्रश्न : मग गोव्यातील 'से कथीड्रल'मधील 'से' म्हणजे काय?

उत्तर : पोर्तुगीज 'से' हा लॅटिन 'सेदेस'वरून आला असून त्याचाही अर्थ आसन असाच आहे, म्हणजे त्या नावात एकच अर्थ दोनदा आला आहे. जवळच असलेले बॉम जेझूस अधिक प्रसिद्ध असले, तरी ते बॅसिलिका, म्हणजे पोपकडून विशेष मान मिळालेले चर्च आहे, कथीड्रल नव्हे. मराठीत शंकराचार्यांच्या संदर्भात आपण 'पीठ' म्हणतो, त्यामुळे अर्थ उलगडून सांगताना 'बिशपपीठ' हा शब्द उपयोगी पडेल. मात्र 'पीठ' म्हटल्यावर इमारतीपेक्षा अधिकारपद किंवा संस्था आधी डोळ्यांसमोर येते, म्हणून वास्तूसाठी 'कथीड्रल' हाच शब्द ठेवावा.